लातूर-धाराशिवच्या धावपट्ट्या विमानदुरुस्तीच्या कामाला द्या

प्रति,
मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य,
महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ,
महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी
आणि मराठवाड्यातले सर्व आमदार-खासदार

स.न.वि.वि.

लातूरहून मुंबईचं विमान कधी सुरू होणार, हा प्रश्न आमच्याकडं वर्षानुवर्षं विचारला जातो. या पत्रात मी तो विचारणार नाही. विमान सुरू झालं तर आम्हाला आनंदच आहे. पण प्रवासी मिळाले तरच धावपट्टी कामाची, नाही तर ती पडीक, असा हिशेब आपण धरून बसलो आहोत. त्या हिशेबापायी लातूरची सुमारे २३०० मीटरची धावपट्टी आणि धाराशिवची तिच्याहून लहान पट्टी तिकीट काढणाऱ्यांची वाट बघत पडल्या आहेत. माझी मागणी वेगळी आहे. या दोन्ही ठिकाणी विमानांची देखभाल-दुरुस्ती करणारं आणि ते काम शिकवणारं केंद्र उभं करा. त्यासाठी रोजचे शेदीडशे प्रवासी लागत नाहीत. हँगर (विमान आत उभं करायची मोठी शेड) लागतो, हत्यारं लागतात, शिकवणारी माणसं लागतात आणि शिकायला तयार असलेली पोरं लागतात. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी मराठवाड्याकडं आजच आहेत.

मी निलंगा तालुक्यातला. बारावी सायन्स झालो, वायुसेनेच्या भरतीत निवड झाली, बेळगावला प्राथमिक प्रशिक्षण झालं, मग चेन्नईजवळ तांबरमला ट्रेडचं शिक्षण आणि पुढची सगळी नोकरी एअरफ्रेम फिटर म्हणून. विमानाचा सांगाडा, पंख, चाकं, हायड्रॉलिक, कंट्रोल हे माझं काम. सुट्टीवर आलो की पारावर कुणीतरी विचारायचंच, "मामा, तुमी इमान चालवताव का?" नाही, दुरुस्त करतो, असं सांगितलं की पुढचा प्रश्न यायचा नाही. विमान दुरुस्त करणं म्हणजे नेमकं काय, हे आमच्या भागात कुणी विचारत नाही, म्हणून त्याची मागणीही कुणी करत नाही. तळाच्या आतल्या गोष्टी लिहायच्या नसतात आणि मी लिहिणारही नाही. खाली जे आहे ते एक तर जाहीर आहे किंवा जगातल्या कुठल्याही हँगरमध्ये सारखंच असतं.

भारतीय वायुसेनेच्या सात कमांड आहेत. पाच प्रत्यक्ष लढाईच्या, एक प्रशिक्षणाची आणि एक निव्वळ देखभाल-दुरुस्तीची. ती सातवी, मेंटेनन्स कमांड, आपल्या महाराष्ट्रात आहे. तिचं मुख्यालय नागपूरला वायुसेनानगरात. तिच्या हाताखाली देशभर बेस रिपेअर डेपो आहेत, ज्यांना आम्ही बीआरडी म्हणतो, आणि सुट्या भागांची कोठारं सांभाळणारे इक्विपमेंट डेपो आहेत. चंडीगढच्या ३ बीआरडीत एमआय-१७ हेलिकॉप्टर ओव्हरहॉल होतात, म्हणजे पुरती खोलून, तपासून पुन्हा जोडली जातात, कानपूरच्या १ बीआरडीत एएन-३२ ही मालवाहू विमानं. लढाऊ विमानांचा डेपो, ११ बीआरडी, नाशिकजवळ ओझरला आहे. सुखोई-३० विमान पूर्णपणे उघडून, तपासून, पुन्हा जोडून उडवण्याचं काम त्याच डेपोनं हाती घेतलं आणि २०१८ मध्ये पहिलं विमान वायुसेनेच्या ताब्यात परत दिलं. सुट्या भागांचा एक डेपो देवळालीला आहे. म्हणजे या कामाचा मोठा पसारा आपल्याच राज्यात, नागपूर-नाशिकच्या पट्ट्यात आहे आणि मराठवाडा त्या दोघांच्या मध्ये बसूनही त्यात कुठंच नाही.

हे काम दुय्यम नाही, हे सांगायला मला एक जुनी गोष्ट पुरते. दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश वायुदलाची बी-२४ लिबरेटर ही चार इंजिनांची बॉम्बर विमानं कानपूरच्या चकेरी तळावर टाकून दिलेली होती. ती पुन्हा उडू नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड केलेली. अंगाला भोकं पाडली होती, इंजिनांत वाळू ओतली होती, असं जुने लोक सांगत. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडं जड बॉम्बर नव्हतं आणि विकत घ्यायला पैसाही नव्हता. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्या भंगारातून एकेक विमान उचललं, उडण्यापुरतं सांधलं, बंगळूरला नेलं आणि तिथं पुरतं दुरुस्त केलं. त्यातून नोव्हेंबर १९४८ मध्ये वायुसेनेची पाच नंबरची स्क्वाड्रन (विमानांची तुकडी) उभी राहिली. ज्या सप्टेंबरमध्ये मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला, त्याच वर्षाची ही हकिगत. ती विमानं आपण १९६८ पर्यंत वापरली. त्यातलं एक आज लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात उभं आहे. ज्यांनी फेकून दिलं त्यांनीच ते संग्रहालयासाठी आपल्याकडून घेतलं.

आता काम कसं असतं ते सांगतो.

विमानाची देखभाल पायरी-पायरीनं होते. उड्डाणाआधीची तपासणी, दोन उड्डाणांमधली तपासणी आणि दिवसाचं शेवटचं उड्डाण झाल्यावरची तपासणी, ही स्क्वाड्रनची पोरं टारमॅकवर, म्हणजे विमानं उभी करायच्या उघड्या फरशीवर, उन्हातान्हात करतात. ठरावीक तास उडालं की तळावरच्या हँगरमध्ये सर्व्हिसिंग होते. आणि नेमून दिलेले तास किंवा वर्षं भरली की विमान डेपोत जातं. तिथं त्याचं इंधन काढतात, इंजिन उतरवतात, पॅनल एकेक करून खोलतात, रंग उतरवून उघडं करतात. उतरवलेला प्रत्येक भाग आपापल्या बेमध्ये, म्हणजे त्या-त्या कामाच्या खोलीत, जातो: हायड्रॉलिकचा हायड्रॉलिकच्या, विजेचा विजेच्या, चाकं-ब्रेक वेगळीकडं. प्रत्येकाला चिठ्ठी, प्रत्येकाची नोंद. मग सांगाड्याची तपासणी सुरू होते, आणि इथं माझ्या ट्रेडचा जीव आहे. तडा केसाहून बारीक असतो, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. भाग स्वच्छ करून त्याच्यावर लाल रंगाचा पातळ द्रव लावायचा. थोडा वेळ मुरू द्यायचा. वरचा सगळा पुसून काढायचा आणि मग पांढऱ्या पावडरीचा फवारा मारायचा. भाग चांगला असेल तर पांढराच राहतो. तडा असेल तर आत मुरलेला रंग हळूहळू वर येतो आणि पांढऱ्यावर एक बारीक लाल रेघ उमटते. ती रेघ पहिल्यांदा बघितली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, कारण तो भाग पंखाच्या जोडाचा होता. जिथं द्रव पोचत नाही तिथं यंत्रानं आतला तडा शोधायच्या पद्धती: अल्ट्रासोनिक, एडी करंट, एक्स-रे. हे शिकायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. बारावीचं फिजिक्स समजलेलं पोरगं आणि कडक मास्तर, एवढं बस्स.

लॉकिंग वायरचंही सांगतो. विमानातले कित्येक बोल्ट नुसते आवळून सोडत नाहीत. त्यांच्या डोक्यातल्या भोकातून बारीक तार ओवून तिला पीळ देऊन शेजारच्या बोल्टाशी बांधतात. ती तार अशाच दिशेनं बांधायची की एक बोल्ट ढिला व्हायला लागला तर तारेचा ताण दुसऱ्याला आवळण्याच्या बाजूनं खेचेल. उलटी बांधली तर तिचा उपयोग नाही, आणि दिसायला मात्र ती तितकीच सुबक दिसते. म्हणून एकानं बांधलेली तार दुसरा तपासतो आणि दोघं सही करतात. त्या सहीखाली दोघांचंही नाव विमानाच्या दप्तरात, फॉर्म ७०० मध्ये, कायमचं राहतं. हत्यारांचंही तसंच. बोर्डावर प्रत्येक पान्ह्याच्या आकाराची सावली रंगवलेली असते. संध्याकाळी एक सावली रिकामी दिसली की विमान जागचं हलत नाही. पान्हा सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही, मग वरचा अधिकारी असो की कालच रुजू झालेलं पोरगं. सहीची ही किंमत कळलेली माणसं गावात परत आली तर गावालाही त्याचा फायदा होतो, असं मला मनापासून वाटतं.

आता मराठवाडाच का, ते.

पहिलं कारण जागेचं. दुरुस्तीचे तळ सीमेपासून लांब, देशाच्या पोटात ठेवायचे असतात. ब्रिटिशांनी १९३८ मध्ये त्यांच्या वायुदलाची मेंटेनन्स कमांड उभी केली तेव्हा तिची मेंटेनन्स युनिटं आडबाजूच्या ग्रामीण भागात पसरवली होती. तिथं नवी विमानं साठवायची, तयार करायची आणि लागतील तशी स्क्वाड्रनला पाठवायची. गर्दी झाली की जवळच्या छोट्या गवती पट्ट्यांवर विमानं झाडांखाली दडवून ठेवायची. लातूरचं ठिकाण बघा. पश्चिमेला पुणे, ईशान्येला नागपूर, आग्नेयेला हैदराबाद, आणि उदगीरच्या पलीकडं बीदर, जिथं वायुसेनेचे वैमानिक हॉक विमानांवर तयार होतात आणि जे हवाई कसरती करणाऱ्या सूर्यकिरण पथकाचं घर आहे. हैदराबादच्या शमशाबाद विमानतळाला लागून प्रवासी विमानांच्या दुरुस्तीचा उद्योग वाढला आहे. नागपूरच्या मिहानमध्ये एअर इंडियासाठी बोइंगच्या मदतीनं बांधलेलं दुरुस्ती केंद्र २०१५ पासून आहे. या सगळ्यांच्या बरोबर मधे आपण आहोत.

दुसरं कारण हवेचं, आणि हे मी फिटर म्हणून सांगतो. विमानाचा खरा शत्रू गंज आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पांढरट भुकटी दिसू लागली की आतून तो पोखरला जात असतो. जोडाच्या आत, रिव्हेटच्या डोक्याखाली, जिथं हात पोचत नाही तिथं. समुद्राकाठच्या तळांवर खारी हवा असते आणि तिथले फिटर अर्धा जन्म विमान धुण्यात आणि गंज खरवडण्यात घालवतात. आमच्याकडं वर्षातले आठ-नऊ महिने हवा कोरडी असते. कोरड्या हवेत विमान ठेवणं सोपं जातं, म्हणून अमेरिकेनं आपली जुनी विमानं ॲरिझोनाच्या वाळवंटात उभी केली. लातूर म्हणजे ॲरिझोना नव्हे. आमच्याकडं पावसाळा आहे, उन्हाळ्यात रबराची सील कडक होतात, धूळ आहे, आणि त्या सगळ्यावर झाकणं, आच्छादनं आणि पक्का हँगर हेच उत्तर आहे. पण ज्या कोरडेपणानं आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या छळलं, ज्याच्यापायी २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, तोच या एका धंद्याला मानवतो. मराठवाड्याच्या कोरडेपणाचा फायदा होईल असे उद्योग फार नाहीत. हा त्यातला एक आहे.

तिसरं कारण माणसांचं, आणि माझ्या मते हेच सगळ्यात मोठं. लातूर पॅटर्नमुळं आमच्या शहरात दरवर्षी हजारो पोरं फिजिक्स, केमिस्ट्री, गणित घोकायला येतात. बीडहून, परभणीहून, हिंगोलीहून, आई-बाप ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतून. त्यातल्या थोड्यांना मेडिकल-इंजिनिअरिंगला जागा मिळते. बाकीची? एक वर्ष रिपीट, दोन वर्षं रिपीट, मग स्पर्धा परीक्षा, मग गावाकडं. विमान देखभालीच्या परवान्याच्या अभ्यासक्रमाला, डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं केंद्राचं कार्यालय) एएमई, म्हणजे विमान देखभाल अभियंता, लायसन्सला, पाया लागतो तो हाच: बारावीचं फिजिक्स-गणित. म्हणजे ज्याला आपण अपयशी म्हणून घरी पाठवतो ते पोरगं या कामासाठी अर्धं तयार असतं. मोठ्या कंपन्यांनी शेकड्यांनी विमानं मागवली आहेत. २०२३ या एकाच वर्षात एअर इंडियानं ४७० आणि इंडिगोनं ५०० विमानांची ऑर्डर जाहीर केली. त्या प्रत्येक विमानाला रोज रात्री कुणीतरी हात लावणार आहे. ते हात कुठून येणार?

माणसांची दुसरी बाजू आमची, परत आलेल्यांची. मराठवाड्यातून वायुसेनेत गेलेले फिटर, इलेक्ट्रिशियन, रडारवाले निवृत्त होऊन गावोगाव आहेत. माझ्या ओळखीचा एक इंजिन फिटर आज एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतो. प्रामाणिक काम आहे, त्यात कमीपणा नाही. पण ज्याला नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं कळायचं, त्याला शिकवायला वर्ग मिळू नये, हे नुकसान त्याचं एकट्याचं नाही. आणि आता अग्निवीरही परत येणार आहेत. वायुसेनेत पहिले अग्निवीरवायू २०२२ च्या अखेरीस दाखल झाले, त्यांची मुदत चार वर्षांची. त्यातले एक चतुर्थांशापर्यंत कायम होतील, बाकीचे विशी-पंचविशीत घरी येतील. ज्यांनी विमानाला हात लावला आहे त्यांना चार वर्षांचा तो अनुभव नागरी परवान्यात बदलून घ्यायला जवळ संस्था असेल तर त्यांचं आयुष्य मार्गी लागेल. नसेल तर तेही दाराशी उभं राहायच्या नोकऱ्या शोधतील. छत्रपती संभाजीनगरला शासनाची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे, तिनं मराठवाड्याला अधिकारी दिले. तंत्रज्ञांसाठी तसं काहीच का नाही?

हे सगळं आपल्याला जमणार नाही, असं कुणी म्हणू नये. लातूरच्या रेल्वे बोगी कारखान्याची पायाभरणी ३१ मार्च २०१८ ला झाली आणि २५ डिसेंबर २०२० ला पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. त्याच मातीतली ही पोरं आहेत. संभाजीनगर, वाळूज, शेंद्रा भागात गाड्यांचे सुटे भाग बनवणारे शेकडो कारखाने आहेत, मायक्रॉनच्या मापात काम करणारे. सोव्हिएत रशिया फुटल्यावर आपल्या मिग विमानांचे सुटे भाग मिळेनासे झाले होते. युक्रेनच्या युद्धानं एएन-३२ ची काळजी पुन्हा वाढवली, कारण ते विमान मूळ तिथलं. म्हणूनच संरक्षण खात्यानं २०२० मध्ये सृजन पोर्टल सुरू केलं, परदेशातून आणावे लागणारे भाग इथं कोण बनवेल हे शोधायला. ओझर नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात आहे. तिथं १९६४ मध्ये मिगचा कारखाना आला, मागून डेपो आला आणि आजूबाजूच्या गावांतली पोरं टर्नर-फिटर झाली. संभाजीनगरहून ओझर काही सातासमुद्रापलीकडं नाही. वाळूजच्या कारखानदाराला ओझरच्या दारात घेऊन जाणारा एक अधिकारी आपल्या उद्योग विभागात असावा, एवढंही मागणं जास्त आहे का?

सुखोई उद्या लातूरला ओव्हरहॉल होईल, असं मी म्हणत नाही. वायुसेनेनं कुठं काय करायचं ते दिल्ली ठरवते आणि तसंच असावं. राज्याच्या हातात जे आहे तेवढ्यानं सुरुवात करा. आधी शाळा. लातूरच्या विमानतळावर एक हँगर बांधून तिथं डीजीसीए-मान्य एएमई प्रशिक्षण संस्था काढा, शासकीय तंत्रनिकेतन आणि आयटीआयला जोडून, शासकीय फीमध्ये. आज हे शिक्षण बहुतेक खाजगी आहे आणि त्याची फी आमच्या शेतकऱ्याला झेपत नाही. शिकायला विमान लागेल. मिग-२१ वायुसेनेतून २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झालं. निवृत्त विमानं वायुसेना शहरांना, संस्थांना देते आणि ती चौकात चबुतऱ्यावर चढतात. लोकप्रतिनिधींना माझी हात जोडून विनंती आहे, लातूरसाठी असं विमान मागाल तर चौकासाठी मागू नका, वर्गासाठी मागा. चबुतऱ्यावरच्या विमानासोबत फोटो निघतात. हँगरमधल्या विमानाचं पॅनल उघडून पोरं केबल कशी जाते, रिव्हेट कसा बसतो, गंज कुठं लपतो ते बघतील. एका जुन्या सांगाड्यावर कितीतरी तुकड्या शिकून जातात.

शाळेला लागून छोट्या विमानांचं काम सुरू होऊ शकतं. गोंदिया, जळगाव, कलबुर्गी इथं वैमानिक प्रशिक्षणाची केंद्रं आहेत. अशा शिकाऊ विमानांना ५० तासांची, १०० तासांची तपासणी लागते, आणि तास भरभर भरतात कारण विमानं दिवसभर उडत असतात. ही विमानं हलकी, धाराशिवच्या लहान पट्टीवरही उतरू शकतील अशी. तिथून पुढं रंगकाम, चाकं-ब्रेक, बॅटऱ्या, आसनं, सुट्या भागांच्या बे. मोठं विमान सगळ्यात शेवटी. करांचं म्हणाल तर केंद्रानं २०२० मध्ये विमानदुरुस्तीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला आणि जुलै २०२४ पासून आयात सुट्या भागांनाही सरसकट ५ टक्के दर लावला. केंद्राकडून जे यायचं ते आलं आहे.

अडचणी मला माहीत आहेत. लातूरची धावपट्टी अरुंद आहे. डीजीसीएची मान्यता सहज मिळत नाही आणि मिळूही नये. पहिली तुकडी परवाना घेऊन बाहेर पडायलाच काही वर्षं जातील, आणि तोवर निवडणूक येईल, मंत्री बदलतील, फाईल खाली जाईल. २००९ मध्ये राज्यातली पाच छोटी विमानतळं, त्यात आपली लातूर, नांदेड आणि धाराशिव, एका खाजगी कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाड्यानं दिली गेली आणि पुढची कित्येक वर्षं ठराव आणि चर्चा यातच गेली. तो काळ वाया गेला. नांदेडला निदान २०१७ मध्ये छोट्या शहरांना विमानानं जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेतलं पहिल्या टप्प्यातलं विमान आलं. लातूर-धाराशिवच्या वाट्याला काही आलं नाही. मी एका कार्यालयात हा विषय घेऊन गेलो होतो. समोरच्या साहेबांनी कागद बघितला आणि विचारलं, "पण प्रवासी कुठून आणणार?" पूर्ण पानभर प्रवाशांचा उल्लेखही नव्हता.

म्हणून एक गोष्ट आजच लिहून द्या, बाकी काही होवो न होवो. या दोन धावपट्ट्यांची जमीन तोडू नका, प्लॉट पाडू नका, भोवतीनं उंच बांधकामाला परवानगी देऊ नका. १९७१ च्या डिसेंबरमध्ये भूजची धावपट्टी बॉम्बनं उखडली तेव्हा शेजारच्या माधापर गावच्या सुमारे ३०० बायांनी तीन दिवसांत ती पुन्हा उभी केली, कारण धावपट्टीशिवाय तळावरची विमानं नुसती उभीच राहणार होती. उखडलेली धावपट्टी पुन्हा बांधता येते. तिच्यावर घरं झाली की मग कुणाच्या हातात काही राहत नाही. आणि जोवर केंद्र होत नाही तोवर कुंपण नीट ठेवा, भेगांतलं गवत काढा, जनावरं आत येऊ देऊ नका. तळावर आम्ही सकाळी एका रांगेत टारमॅकवरून चालत खडा, खिळा, तारेचा तुकडा वेचायचो, कारण खडा इंजिनात गेला की कोट्यवधींचं इंजिन जातं. ती शिस्त लातूरला आणायला पैसाही लागत नाही.

अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आधी लातूरला एक बैठक लावा. उद्योग विभाग, विमानतळ विकास कंपनी, तंत्रशिक्षण संचालनालय, सैनिक कल्याण विभाग आणि लातूर-धाराशिवचे लोकप्रतिनिधी एका टेबलावर बसू द्या. ओझर आणि नागपूरच्या अधिकाऱ्यांना रीतसर पत्र पाठवून निमंत्रण द्या, ते मार्गदर्शन करतील असा मला विश्वास आहे. आम्ही काही निवृत्त वायुसैनिक मिळून हँगरमध्ये काय काय लागेल त्याची यादी, पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम आणि शिकवायला तयार असलेल्या माणसांची नावं घेऊन येतो. शिकवण्याचं मानधन पहिली दोन वर्षं आम्हाला नको. तारीख तेवढी कळवा.

आपला नम्र,
एक निवृत्त एअरफ्रेम फिटर
निलंगा, जि. लातूर